पाऊस थांबल्यानंतरची कर्ली

प्रस्तावना

कुडाळच्या बातमीदाराला वर्षातून दोन बातम्या हमखास लिहाव्या लागतात. पहिली जुलैतली: निर्मला नदीला पूर, आंबेरीचा पूल पाण्याखाली, माणगाव खोऱ्यातल्या गावांचा संपर्क तुटला. दुसरी एप्रिल-मेमधली: वाड्यांवर पाणीटंचाई, नळाला दिवसाआड पाणी, टँकरची मागणी. दोन्ही बातम्या एकाच खोऱ्यातल्या, कधी कधी तर एकाच गावातल्या. जुलै २०२४मध्ये भंगसाळ नदीचे पाणी पावशीजवळ मुंबई-गोवा महामार्गावर चढले, तेव्हा त्याची छायाचित्रे सगळीकडे झळकली. त्याच पाण्याचे नोव्हेंबरात काय झाले, फेब्रुवारीत ते कुठे होते, हे मात्र कुठे छापून आले नाही. पूर आणि टंचाई यांच्या मधल्या महिन्यांत कर्ली खोऱ्यातले पाणी कसे कमी होत जाते, कुठे मुरते, कुठे अडते आणि कोण वापरते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आधी भूगोल. कुडाळ तालुक्याच्या पूर्वेला सह्याद्रीची धार आहे. नारूरहून वर पाहिले की रांगणा दिसतो. या धारेवर पडलेला पाऊस दोन दिशांना जातो. पलीकडे उतरलेले पाणी भुदरगड तालुक्यात वेदगंगेला मिळते, पाटगावच्या मौनी सागर जलाशयात थांबते, मग दूधगंगा, कृष्णा करत कर्नाटक-आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला पोचते. अलीकडे उतरलेल्या पाण्याला तेवढा वेळ नसतो. निर्मला, हातेरी, पीठढवळ, भंगसाळ अशा नावांनी ते खाली येते, कर्लीत एक होते, नेरूर-वालावलजवळ खाडीच्या कुशीत शिरते आणि देवबागच्या टोकाला अरबी समुद्रात जाते. रांगण्यापासून देवबागपर्यंत सरळ रेषेतले अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास भरेल. सहाशे-सातशे मीटरचा उतार आणि एवढीशी वाट. सकाळी घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस रात्रीच्या ओहोटीबरोबर समुद्रात गेलेला असतो.

पावसाचे आकडे मोठे आहेत आणि त्यांनीच आपल्याला बिघडवले आहे. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शेजारच्या आंबोलीत तो सात हजारांच्या घरात जातो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९मध्ये अहवाल दिला. राज्याच्या भूभागाचा जेमतेम दहावा हिस्सा असलेल्या कोकणाकडे राज्यातल्या उपलब्ध पाण्यापैकी निम्म्याच्या जवळ पाणी आहे, हे चित्र तेव्हापासून सर्वांच्या तोंडी आहे. तीन हजार मिलिमीटर म्हणजे किती, हे घराच्या छपरावर मोजून पाहावे. शंभर चौरस मीटर कौलांवर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडते. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या निकषाने पाच माणसांच्या घराला वर्षभराला लागते एक लाख लिटर. एका वर्षात तीन वर्षांची बेगमी डोक्यावरून वाहून जाते आणि तरी एप्रिलमध्ये त्याच घरातली सून कळशी घेऊन व्हाळात, म्हणजे ओढ्यात, जाते.

हे कोडे पावसाच्या आकड्यात सुटत नाही, कारण बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने आपण मागे राहिलेल्या पाण्यावर काढतो. त्यामुळे किती पडला याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, तो थांबला कधी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. २०२५मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला. महाराष्ट्रात इतक्या लवकर तो कित्येक वर्षांत आला नव्हता. टंचाईची झळ त्या वर्षी तेवढी कमी झाली, हे खरे. पण लवकर आलेला पाऊस पुढच्या उन्हाळ्यासाठी काही ठेवून जात नाही. जुलैच्या मध्यावर आपल्या बावी, म्हणजे विहिरी, तशाही तुडुंब भरतात. त्यापुढे पडलेला थेंब न् थेंब वाहूनच जायचा असतो. परतीचा पाऊस मात्र ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रेंगाळला तर उन्हाळा सुसह्य होतो. सप्टेंबरातच उघडीप झाली तर सरासरी ओलांडलेल्या वर्षीही मार्चमध्ये व्हाळ आटतात. जिल्ह्याच्या पावसाच्या तक्त्यात ही दोन्ही वर्षे सारखीच दिसतात.

थांबलेला पाऊस राहतो कुठे? आपल्याकडे बर्फ नाही. मोठी धरणे मोजकी. आपली साठवण जमिनीत आहे आणि ती बहुतांशी जांभ्यात आहे. कर्लीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले सडे, म्हणजे जांभ्याची पठारे, वरून उजाड, कातळी, निरुपयोगी दिसतात. महसुली नोंदीत त्यांना पोटखराब म्हणून ढकलून दिलेले असते. प्रत्यक्षात सड्याच्या भेगा-छिद्रांतून पावसाचे पाणी आत उतरते. जांभ्याच्या तळाशी शेडी मातीचा थर असतो. ती चिकट, पाणी खाली न सोडणारी. तिथे अडलेले पाणी आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, जिथे हा सांधा उघडा पडतो, तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. जांभ्याचा सडा म्हणजे पाझरता माठ: भरतो लवकर, पण पाझरतोही लवकर. कुळागरे, देवळामागची तळी, वायंगणी भाताचे मळे नेमके या झऱ्यांच्या खाली का वसले, याचे उत्तर त्या सांध्यात आहे. जुन्या माणसांनी भूशास्त्र शिकले नव्हते, पण घर कुठे बांधायचे आणि बाव कुठे खणायची हे त्यांना नेमके कळत होते.

आता हाच सडा चिरेखाणींनी कापला जातो, बुलडोझरने सपाट होतो, सुरुंग लावून कलमांसाठी फोडला जातो, प्लॉट पाडून विकला जातो. खाणीच्या खड्ड्यात पावसाळ्यात पाणी साठलेले दिसते म्हणून पाणी वाढले असे वाटते. पण कापलेल्या कडेतून ते दिवाळीपूर्वीच पाझरून गेलेले असते. वर डोंगरात जंगल तोडून त्या जागी काजू किंवा रबर लावला की पालापाचोळ्याचा थर जातो आणि मातीत मुरणारे पाणी घसरून नदीत येते. नदीच्या पात्रातली वाळू उपसली की कोंडीत, म्हणजे डोहात, थांबणारे पाणीही कमी होते. हे सगळे वेगवेगळ्या खात्यांचे विषय आहेत: खनिकर्म, वन, कृषी, महसूल. नदीला मात्र एकच वर्ष असते.

ते वर्ष असे जाते. ऑक्टोबरात व्हाळ खळाळत असतात, बाव काठोकाठ असते, पाण्याचा विषय काढला तर लोक हसतात. नोव्हेंबर-डिसेंबरात व्हाळाचा आवाज बसतो. जानेवारीत वरच्या अंगाचे व्हाळ तुटक होतात. कोंडीत पाणी, मधले दगड कोरडे. फेब्रुवारीत पंप सुरू झालेले असतात आणि माडा-पोफळीला पाणी देताना वरच्या बागायतदाराने किती खेचले, हे खालच्याला कोंडीच्या पातळीवरून कळते. मार्चमध्ये सड्यावरच्या वाड्यांच्या बावी तळ दाखवतात. एप्रिलमध्ये नदीचा गोड्या पाण्याचा रेटा कमी पडला की भरतीचे खारे पाणी खाडीतून वर सरकते आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. मे महिन्यात चाकरमानी येतात, लग्ने होतात, तारकर्ली-देवबागची हॉटेले भरतात. पाणी सर्वांत कमी आणि माणसे सर्वांत जास्त, अशी ही गाठ दरवर्षी पडते. गणपतीलाही गाव असाच भरतो, पण तेव्हा पाणी अंगणातून वाहत असते.

मागणीचा हिशेबही नीट पाहायला हवा. टंचाई म्हटले की आपण पिण्याच्या पाण्याचा विचार करतो. बातम्यांतही हंडे-कळश्याच दिसतात. पण ठिबकवर असलेल्या माडालासुद्धा उन्हाळ्यात रोज तीस-चाळीस लिटर पाणी लागते. शंभर माडांची बाग म्हणजे दिवसाला चार हजार लिटरपर्यंत, म्हणजे निकषाप्रमाणे पाच माणसांच्या चौदा घरांचे पाणी. पूर्वी हाताने ओढायच्या लाटेने पाणी काढत होते तेव्हा माणसाच्या हातांची ताकद हीच मर्यादा होती. विजेच्या पंपाने ती मर्यादा संपवली. बागायतीनेच इथल्या संसारांना हातभार लावला आहे, तेव्हा बागायतदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. पण एकाच कोंडीवर किती पंप बसावेत, फेब्रुवारीनंतर ते किती तास चालावेत, हे ठरवणारी व्यवस्था गावात नाही. गावरहाटीत मानपानाचे बारीकसारीक नियम आहेत; पंपांचा नियम नाही.

पाणी अडवण्याची आपली हमखास रीत म्हणजे कच्चा बंधारा. त्याची कृती सोपी आणि पाहण्यासारखी आहे. व्हाळाचा अरुंद भाग निवडायचा, तळाला कातळ आणि दोन्ही काठ उंच असलेला. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या गोळा करायच्या, त्या वाळू-मातीने पाऊण भरायच्या. काठोकाठ भरली तर पिशवी नीट बसत नाही आणि फटींतून पाणी जाते. तोंड सुतळीने शिवायचे. मग चिऱ्याच्या भिंतीसारखे सांधे मोडत दोन रांगा रचायच्या आणि मधल्या पोकळीत चिकणमाती तुडवून भरायची. वीस-पंचवीस माणसे सकाळी लागली तर दुपारच्या जेवणापर्यंत पाणी मागे चढायला लागते. आठवड्याभरात वरच्या अंगाच्या बावीत हातभर फरक दिसतो. खर्च जवळपास नाही.

मग हे बंधारे पुरे का पडत नाहीत? उत्तर पंचांगात आहे. ऑक्टोबरात बांधला तर परतीचा पाऊस तो फोडतो. त्यानंतर भातकापणी आणि मळणी येते; त्या दिवसांत गावात माणूस मोकळा नसतो. दिवाळी होते, मग जत्रांचा हंगाम, रात्रभर दशावतार. शासकीय उद्दिष्ट, छायाचित्र आणि श्रमदान यांचा मेळ बसेपर्यंत डिसेंबर निम्मा सरतो. तोवर व्हाळ करंगळीएवढा झालेला असतो. त्या बंधाऱ्यामागे डबके साठते, प्रवाह साठत नाही. तीच गोष्ट कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. लोखंडी प्लेटा वेळेत बसल्या, त्यांच्या रबरी पट्ट्या शाबूत असल्या तर नदी किलोमीटरभर भरून राहते. प्लेटा उशिरा बसल्या किंवा फटींतून गळत राहिल्या तर बंधारा नुसता शोभेचा. आणि मेच्या अखेरीस त्या वेळेत काढल्या नाहीत तर पहिल्याच पुरात पाणी काठ फोडून शेतात शिरते. साधन आहे, माणसे आहेत, पैसाही फारसा लागत नाही. चुकते ती तारीख.

सरकारी यंत्रणेचेही तसेच. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत करायचा असतो. कागदावर ही रचना अगदी योग्य आहे. प्रत्यक्षात आपल्या भागात पहिला टप्पा रिकामा जातो, कारण ऑक्टोबरात टंचाई दिसतच नाही. आणि तिसऱ्या टप्प्यात विंधन विहिरी, गाळ काढणे, नळयोजनांची दुरुस्ती, टँकर असे सगळे एकदम येते. तहान लागल्यावर विहीर खणू नये ही म्हण आपल्याच भाषेतली. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते. ही माहिती उत्तम आहे, पण ती वाडीपर्यंत पोचत नाही आणि वाडीची बाव निरीक्षण विहिरीच्या यादीत नसते.

मोठ्या धरणाचे स्वप्न या खोऱ्याला परके नाही. टाळंबा प्रकल्पाचे नाव माणगाव खोऱ्यातल्या दोन पिढ्यांनी ऐकले. धरण अजून उभे राहिलेले नाही. जवळच्या दोडामार्गात तिलारी झाले, पण १९९०च्या करारानुसार त्यातले सुमारे ७३ टक्के पाणी गोव्याच्या वाट्याचे आहे. धरण हवे की नको या वादावर या पुस्तकात एक प्रकरण आहे आणि दोन्ही बाजू तिथे मांडल्या आहेत. माझे मत इतकेच, की धरणाची वाट पाहण्यात गेलेली वर्षे फुकट घालवण्याची गरज नव्हती. धरण झाले असते तरी सड्यावरच्या वाड्यांना त्याचे पाणी चढवून न्यावेच लागले असते.

त्याहून जुना धडा जवळच आहे. काळश्याच्या शेजारी धामापूरचा तलाव इ. स. १५३०मध्ये, विजयनगरच्या अमलात, नागेश देसाई यांनी बांधला असे मानले जाते. दोन डोंगरांच्या मधली घळ मातीच्या बांधाने अडवली, काठावर भगवतीचे देऊळ उभे राहिले आणि भोवतालच्या रानाला देवीचे संरक्षण मिळाले. सिंचन आणि जलनिःसारण या विषयातल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२०मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. पाटी लावून त्याचे कौतुक करणे सोपे आहे. त्याची खरी गंमत वेगळी: पाणलोट, साठा आणि वापर या तिन्ही गोष्टी एकाच गावाच्या नजरेखाली होत्या. वरचे जंगल तोडले तर खालचा मळा सुकेल, हे सांगायला अहवाल लागत नव्हता. वालावलचे लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळचे तळे, पाटचा तलाव हीही त्याच शहाणपणाची रूपे.

जगाकडे पाहिले तर डोंगरी नद्यांच्या काठी राहणाऱ्यांनी हा प्रश्न वेगवेगळ्या प्रकारे सोडवला आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ राज्यांत हिवाळ्यातला बर्फ हाच उन्हाळ्याचा साठा असतो. नेवाडा विद्यापीठात लॅटिन शिकवणारे जेम्स चर्च यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पोकळ नळी बर्फात खुपसून त्यातले पाणी वजनाने मोजण्याची रीत बसवली. तिच्यावरूनच पुढे, बर्फ वितळण्याआधी, एप्रिलच्या सुरुवातीला त्या वर्षीचे पाणी किती याचा अंदाज जाहीर करण्याची पद्धत रूढ झाली. शेतकरी त्यावरून पीक ठरवतात, शहरे नळाचे वेळापत्रक ठरवतात. आपल्या अधिक जवळचे उदाहरण सिक्कीमचे. तिथे २००८पासून ‘धारा विकास’ या कार्यक्रमात आटत चाललेल्या झऱ्यांचे पाणी नेमके कोणत्या उतारावरून मुरते हे शोधून त्या जागी चर आणि खड्डे खणले गेले. त्यामागचे भूजलशास्त्र शिकवण्यात पुण्याच्या ‘अ‍ॅक्वाडॅम’ या संस्थेचा वाटा होता. म्हणजे पुण्याचे ज्ञान हिमालयात पोचले. घाट उतरून कुडाळात यायला त्याला काहीच अडचण नसावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दगडांचा कोकण विजय बंधारा आणि बागेतले प्लास्टिक अस्तराचे जलकुंड या दोन गोष्टी केव्हाच सिद्ध करून दाखवल्या आहेत आणि त्याच विद्यापीठाचे उद्यानविद्या महाविद्यालय आपल्या मुळदे गावात आहे.

या सगळ्यातून या पुस्तकाची भूमिका ठरली आहे. कर्ली खोऱ्याचे पाणी जूनपासून नव्हे, नोव्हेंबरपासून मोजले पाहिजे. पाऊस संपल्यावर व्हाळात किती प्रवाह आहे, बावीत पाणी किती हात खाली आहे आणि कोणता झरा कोणत्या तारखेला बंद झाला, या तीन नोंदी दरवर्षी ठेवल्या तर मार्चचे चित्र नोव्हेंबरातच दिसेल. तालुका हा प्रशासनाचा तुकडा आहे, खोरे हा पाण्याचा. म्हणून पहिल्या भागातली प्रकरणे गावांच्या यादीप्रमाणे न मांडता प्रवाहाच्या क्रमाने मांडली आहेत: घाटपायथा, मधले मळे, सडे आणि शेवटी खाडीकाठ. दुसऱ्या भागात वापर आणि वाटप येते: नळयोजना, बागायत, पर्यटन, खारभूमीचे बांध. तिसरा भाग उपायांचा. त्यात प्रत्येक उपायाबरोबर तो कोणत्या पंधरवड्यात करायचा हेही दिले आहे, कारण तारीख चुकली की उपाय वाया जातो. तांत्रिक परिभाषा जिथे टाळता आली नाही तिथे व्यवहारातला शब्द सोबत दिला आहे. अभियंत्यांना यातले काही फारच प्राथमिक वाटेल आणि शेतकऱ्यांना काही आधीच ठाऊक असेल. या दोघांनी एकमेकांची प्रकरणे वाचावीत अशी अपेक्षा आहे.

वाचकांना एक विनंती. ग्रामसभा २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी भरतात. पाण्याचा विषय १ मेच्या सभेत तावातावाने निघतो, तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. या वर्षी तो २ ऑक्टोबरच्या सभेत काढा. बंधारा कुठे आणि कोणत्या दिवशी घालायचा, प्लेटा कोण बसवणार, कोंडीवरचे पंप किती तास चालणार, हे त्याच दिवशी ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. दिवाळी झाली की आपल्या बावीला दोरी सोडून पाणी मोजा, भिंतीवर तारखेसह आकडा लिहा आणि २६ जानेवारीच्या सभेत तो वाचून दाखवा.